दोन पावलं मागे

दि. ६ ऑक्टोबर

ती. दादास,
बेबीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू शिवून पाठवलेलं जाकीट मिळालं. अगदी मापात बसलं. सत्तेचाळिसाव्या वर्षीही तुला माझं माप पाठ आहे याचं कौतुक वाटलं. कंबरेला अर्धा इंच मुद्दाम सैल ठेवलास तेही माझ्या लक्षात आलं बरं का. शिवणयंत्रानं तुझे कान घेतले, त्यामुळे फोनवर ओरडून घसा बसवण्यापेक्षा मी आपली लिहिते.

तर बातमी अशी की हॉस्पिटलमधली माझी एक्स-रेची खोली गेल्या महिनाअखेरीस बंद झाली. नवीन यंत्र आलंय, त्याला एकच माणूस पुरतो आणि तो माणूस मी नाही. बावीस वर्षं झाली. निरोपाला सगळे आले, डॉक्टर चांगलं बोलले आणि मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याच्याकडे आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ का देतात कोण जाणे. घरी येऊन दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी रडायचा कंटाळा आला.

पोस्टाच्या रस्त्यावर एका फोटोवाल्या बाईंचा स्टुडिओ आहे. त्यांच्या काचेवर कागद लावलेला होता. लग्नसराईसाठी मदतनीस पाहिजेत, अनुभव नसला तरी चालेल, पाय मजबूत हवेत. पाय माझे मजबूत आहेत आणि अनुभव अजिबात नाही, म्हणजे सगळ्या अटी पुऱ्या. माझा जुना कॅमेरा घेऊन गेले. बाकावर आम्ही सातजण होतो, सगळे नवशिके. एकानं तर आपल्या पोपटाचेच चाळीस फोटो आणले होते.

मी शेजारपाजाऱ्यांचे काढलेले फोटो दाखवले. बाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि विचारलं की ही सगळी माणसं रिपोर्टची वाट बघत असल्यासारखी का उभी आहेत? मी आधीचा धंदा सांगितला तेव्हा मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, आजवर माणसं आतून पाहिलीत, आता बाहेरून बघायला शिका. मला आणि पोपटवाल्याला ठेवून घेतलंय. पहिली तीन लग्नं कच्ची. तिसऱ्यानंतर ठेवायचं की नाही ते त्या ठरवणार. दादा, मला हे काम हवंय. नुसतं पोटासाठी नव्हे. का ते अजून मलाच नीट सांगता येत नाही.

चिमणीला तिच्या आत्याचा पापा. लग्न ठरल्यापासून ती जमिनीवर आहे की नाही ते कळव.

तुझ्या लोभाला कंबरेइतकाच सैलपणा असू दे,
बेबी

दि. १४ ऑक्टोबर

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. चिमणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, पोपटाच्या ओळीला दोनदा हसली.

मला मात्र हसू आलं नाही. स्वतःच्या लग्नाला कधी उभी राहिली नाहीस, आणि आता लोकांच्या लग्नात दिवसभर उभी राहणार? तेही दुसऱ्यांच्या पिशव्या उचलून? लग्नं मला चांगली माहीत आहेत. आजवर शेकडो नवरदेवांना कोट चढवलेत. तिथे फोटोवाल्याचं कुणी ऐकत नाही, मग त्याच्या मदतनिसाला कोण विचारतं!

तू इकडे ये. दुकानात खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे. काज-बटणं कर, हेम घाल, तुझा हात लहानपणापासून साफ आहे. जानेवारीत चिमणी सासरी जाईल. तुझी वहिनी तर आधीच गेली. दुकानामागच्या दोन खोल्यांत मग मी आणि यंत्र, तेवढेच राहू. हे रडगाणं नाही, फक्त जागा आहे एवढंच सांगतोय. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये.

टेबलावरचे कापडाचे गठ्ठे उद्याच हलवतो.

तुझी वाट बघणारा आणि तसं न म्हणणारा,
दादा

दि. ९ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पहिलं लग्न झालं आणि मी नाक कापून घेतलं.

माझं काम साधं होतं. लांब दांडीला छत्री लावलेला दिवा असतो, तो नवरीच्या डाव्या अंगाला धरून उभं राहायचं. बाई एक, दोन म्हणतात आणि बटण दाबतात. दिवसभर हलले नाही, तहान लागली तरी दांडी सोडली नाही. आपण झकास काम केलं अशा समजुतीत घरी आले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बाईंनी फोटो पडद्यावर लावले. एकशे अठरा फोटो, आणि प्रत्येकात नवरीचा अर्धा चेहरा काळोखात. बाईंना वाटलं दिवा बिघडला. मग त्यांनी मला तिथेच दांडी धरायला लावली आणि एक, दोन म्हणाल्या. दोन म्हणताच मी दोन पावलं मागे गेले. मला पत्ताही नाही! त्यांनी पाच वेळा म्हटलं, मी पाचही वेळा मागे.

तुला सांगायला नको, पण सांगते. एक्स-रेच्या खोलीत बटण दाबायच्या वेळी आम्ही तिथे नसतो. माणसाला उभं करायचं, खांदा नीट वळवायचा, श्वास धरा म्हणायचं आणि शिशाच्या भिंतीआड जायचं. दिवसाला साठ-सत्तर वेळा, बावीस वर्षं. बुद्धी नोकरीतून निवृत्त झाली, पाय अजून कामावरच आहेत.

बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी त्या नवरीकडे स्वतः जाऊन माफी मागितली. त्याची मला जास्त लाज वाटली. चेहरा उजळायला त्यांना आठवडा लागला, तरी तो पहिल्यासारखा झाला नाही. त्या मुलीचा तो दिवस काही परत येणार नाही, दादा.

पोपटवाला नवरदेवाचे कमी आणि दारावरच्या कावळ्यांचे फोटो जास्त काढून आला. त्यानं आपणहून रजा घेतली. आता कच्ची मी एकटीच आहे.

एक गोष्ट या निमित्तानं लिहून टाकते. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर तू त्यांच्या उशाशी होतास आणि मी खाली माझ्या एक्स-रेच्या खोलीत होते. तू मला जिन्यात म्हणालास की ऐन वेळी तू नेहमी भिंतीआड असतेस. अकरा वर्षं झाली. मला त्याचा राग आला नव्हता, कारण ते खरं होतं. बाबांना बरं वाटतंय असं सकाळी डॉक्टर म्हणाले होते म्हणून मी कामावर गेले, हेही खरं आहे, पण मला वर थांबायची भीती वाटत होती, हे त्याहून खरं. आता कळलं, हे काम मला का हवंय? इथे बटण दाबताना माणसाजवळ उभं राहावं लागतं.

टेबल रिकामं केल्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यावर सध्या परत गठ्ठे ठेव.

रागावलास तरी सविस्तर रागाव,
बेबी

दि. १७ नोव्हेंबर

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत एक पुडी आहे, ती सांभाळून उघड. आत शिंप्याचा खडू आहे. कागदात दोनदा गुंडाळलाय, तरी पोस्टवाल्यांनी पीठ केलं असेल तर पीठ वापर.

मला शिकवणाऱ्या उस्तादांनी कापायला शिकवलं तेव्हा मी सारखा टेबलाला टेकायचो. टेकलं की कात्री तिरकी जाते. त्यांनी माझ्या पावलांभोवती जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि म्हणाले की रेघेबाहेर गेलास तर आज कापड नाही. तीन दिवसांत पाय सुधारले. तूही दांडी हातात घेतलीस की आधी पावलांभोवती रेघ मार.

मागे जाणं तसं आपल्या घरातच असावं. मीही गिऱ्हाइकाला कोट चढवला की दोन पावलं मागे जातो. त्याशिवाय कोटाचा झोक कळत नाही. पण माझं गिऱ्हाईक बिचारं उजेडातच असतं.

त्या जिन्यातल्या बोलण्याबद्दल मी काही लिहीत नाही. असलं बोलणं मला लिहिता येत नाही, आणि फोनवर तू उत्तर दिलंस तर मला ऐकू येणार नाही.

खडू पाठवला म्हणजे मी तुझ्या बाजूचा झालो असं समजू नकोस. टेबल रिकामंच आहे.

आशीर्वाद आहेत, ते पत्राबरोबर संपत नाहीत.
दादा

दि. ५ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

खडूचे तीन तुकडे झाले होते, तिन्ही कामाला आले. हॉलच्या गालिच्यावर मी अकरा ठिकाणी माझी पावलं काढली. हॉलचा व्यवस्थापक अंगावर धावून आला, त्याला वाटलं इथे कुणाचा खून झालाय. मी संध्याकाळी ब्रश घेऊन सगळं झाडून काढीन असं कबूल केलं आणि काढलंही. पण दादा, एकदासुद्धा रेघेबाहेर गेले नाही! पहिल्या दहा वेळा नजर सारखी पायांवरच होती. नंतर मी पायांकडे बघायचं सोडून दिलं आणि नवरीकडे बघायला लागले. लग्नाच्या नोंदवहीत सही करताना तिनं जीभ दातांत धरली होती. इतकी वर्षं मी माणसांना श्वास धरायला लावला, पण श्वास धरलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे कधी पाहिलंच नव्हतं.

एक गाढवपणा झालाच. मोठ्या फोटोला बाईंनी एक, दोन म्हटलं आणि माझ्या तोंडून सवयीनं खणखणीत आवाजात गेलं की दीर्घ श्वास घ्या आणि धरून ठेवा. चाळीस माणसांनी धरला. सगळे गाल फुगवून उभे! मी सोडा म्हणायला विसरले. बाईंना हसू आवरेना, कॅमेरा हलला, तो फोटो वाया गेला. पण त्यानंतर सगळे इतके हसले की पुढचा फोटो दिवसातला सगळ्यात चांगला निघाला.

बाईंनी माझं नाव एक्स-रे ठेवलंय. नवरदेवाच्या आजोबांचा खांदा आखडलेला होता, त्यांना कुणी सरळ उभं करू शकेना. मी दुखू न देता वळवला. बाई बघत होत्या. मग माणसांची यादी त्यांनी माझ्या हाती दिली. प्रत्येक लग्नात अशी यादी असते. कोणाकोणाचा फोटो झालाच पाहिजे त्यांची नावं लिहायची आणि झाला की खूण करायची. बाई म्हणतात, फोटो बिघडला तर लोक वर्षभर बोलतात, माणूस राहून गेला तर जन्मभर.

आता तिसरं लग्न. कुणाचं ते बाई सांगत नाहीत. विचारलं की गालात हसतात.

हा खडू आता माझाच, परत मागू नकोस,
बेबी

दि. १६ डिसेंबर

बेबी,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. आज मी रागावलोय.

चिमणीनं माझ्या पाठीमागे तुझ्या बाईंना तिच्या लग्नाचं काम दिलं. तुझी पत्रं मोठ्यानं वाचता वाचता पत्ता टिपून घेतला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? म्हणते, आत्या दिवा धरणार नसेल तर मी सहीच करणार नाही.

ठीक आहे. पण तिचा पोशाख मी शिवतोय, नवरदेवाचा कोटही मीच शिवतोय. तिची आई नाही, तेव्हा त्या दिवशी टाचण्या, टाके, सुरकुत्या सगळं मलाच बघायचंय. मला फोटोत उभं राहायला वेळ नाही. मला शोधत फिरू नका. पोशाखाचे फोटो काढा, त्यातच मी आलो.

आणि हे तिसरं लग्न बिघडलं तर रडत बसू नकोस. टेबल आहे.

दादा

दि. २० जानेवारी

श्री. टेलरमास्तर यांस,
स. न. वि. वि.

आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो तयार आहेत. अल्बम बांधण्याआधी एक फोटो सोबत पाठवत आहे. आपण पाहून निर्णय कळवावा.

कुटुंबाच्या शेवटच्या फोटोत उजव्या कडेला एक हात आला आहे. तो माझ्या मदतनीस बाईंचा आहे. मदतनिसानं चौकटीत यायचं नाही, हा माझ्याकडचा पहिला नियम. त्यांनी तो मोडला. शिवाय दिवा त्यांनी एका पाहुण्याच्या हातात दिला होता. हात कापून टाकता येतो, मात्र त्याबरोबर आपला डावा खांदा थोडा जाईल. हवा असल्यास तसा ठेवताही येईल.

स्पष्ट लिहिते. त्यांना कायम ठेवायचं की नाही हे मला आता ठरवायचं आहे, आणि मला ते ठरवता येत नाही. म्हणून हा प्रश्न मी फोटोच्या मालकाकडे सोपवत आहे. हात कापा म्हणालात तर त्यांनी फोटो बिघडवला असं मी धरेन. राहू द्या म्हणालात तर त्या सोमवारपासून कामावर. आपण त्यांचे भाऊ आहात हे मला माहीत आहे. आपण त्यांना परत बोलावत आहात हेही त्यांनी मला सांगितलं आहे. त्यामुळे आपण भिडेखातर उत्तर देणार नाही असा भरवसा वाटतो.

उत्तराची वाट पाहते. मुलीला शुभेच्छा.

आपली,
फोटोवाली

दि. २२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

बाईंनी तुला लिहिलंय हे त्यांनी मला कालच सांगितलं. तू काय उत्तर द्यावंस ते मी सांगणार नाही. पण काय झालं ते माझ्या बाजूनं सांगते. तुला तेव्हा काही दिसत नव्हतं, तुझं सगळं लक्ष टाचण्यांत होतं.

संध्याकाळी मी यादी पाहिली. बासष्ट नावं, एकसष्ट खुणा. राहिलेलं नाव पहिलंच होतं. नवरीचे वडील. दिवसभर मी तुला बघत होते. फोटो निघायच्या आधी तू वाकायचास, पोशाखाचा घेर नीट करायचास आणि बाईंनी एक म्हटलं की फोटोसाठी मागे लावलेल्या पडद्याआड. दोन पावलं मागे, दादा. मोजून दोन! माझेच पाय तुला लावल्यासारखे वाटले. दिवसाच्या तीनशे फोटोंत चिमणीच्या पोशाखाला एक सुरकुती नाही आणि तिला बापही नाही.

शेवटच्या फोटोलाही तू सरकायला लागलास. मी खडूच्या रेघेत उभी होते. ती रेघ आपण मोठ्या कष्टानं शिकलो होतो. पण मी दिवा शेजारच्या एका पाहुण्याच्या हातात दिला, रेघ ओलांडली आणि तुझं कोपर धरलं. मी सोडलं असतं तर तू गेला असतास, म्हणून बाई दोन म्हणाल्या तरी सोडलं नाही. नियम मला ठाऊक होता. काम जाईल हेही त्या क्षणी कळत होतं.

चिमणी पन्नास वर्षांची होईल तेव्हा हा अल्बम उघडेल. तेव्हा तू नसशील, मीही बहुधा नसेन. तुझे बाबा कुठे होते असं तिला कुणी विचारलं, तर ते त्या पडद्याआड होते असं तिनं सांगावं, हे मला सोसलं नसतं. तसं उत्तर देत अकरा वर्षं काढलेली बाई आहे मी.

बाईंच्या जागी मी असते तर मलाही ठरवता आलं नसतं. तू तुला पटेल तेच लिही. कापा म्हणालास तरी मी तुझ्याच दुकानात येऊन तुझ्याच टेबलावर बसणार आहे, आणि तुझ्याशी भांडणारही नाही. निदान पहिला आठवडा तरी.

उत्तर कसंही असलं तरी तुझीच,
बेबी

दि. २९ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच घे. वि. वि.

फोटो चार दिवस कापायच्या टेबलावर होता. मी त्यावर पट्टी ठेवून पाहिली. पाऊण इंच जाईल. खांद्याची शिवण जाते, पण कोट ओळखू येतो. हात गेला की फोटो नेटका होतो. तुझ्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे, कामाच्या नजरेनं तो हात तिथे नको.

आणि तो कापला की तू इकडे येतेस. हे मी लपवत नाही. चिमणी गेल्यापासून दुकान बंद केलं की मी दोन कप चहा करतो आणि दुसरा कुणाचा ते आठवत बसतो. पट्टी ठेवली तेव्हा खडूही हातात घेतला होता. रेघ मारली असती तर काम झालं होतं.

मग फोटोत मी कुठे बघतोय ते पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही, चिमणीकडे नाही. गळ्यात टेप, कोटाच्या कॉलरला दोन टाचण्या, आणि मी त्या हाताच्या दिशेनं बघून हसतोय. असा हसताना मी स्वतःला पाहिलं नव्हतं. चिमणी माहेरी आली होती, तिला विचारलं की मी असा हसतो का? ती म्हणाली, आत्या आली की हसता.

जिन्यात मी जे बोललो ते चुकलं होतं, बेबी. बाबा गेले तेव्हा मी उशाशी होतो खरा, पण मी खिडकीबाहेर बघत होतो. माझ्यानं त्यांच्याकडे बघवेना. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि ते लपवायला तुला बोललो. अकरा वर्षं तू माझी चूक आपली म्हणून वागवलीस. मला माफ कर. हे लिहिता येतं असं आज कळलं.

तुझ्या बाईंना वेगळं पत्र टाकलंय, त्यात दोनच ओळी आहेत. त्या तुलाही कळाव्यात म्हणून इथे उतरवतो. जन्मभर कापत आलोय, त्यामुळे काय कापायचं नाही तेवढं मला कळतं. हात राहू द्या.

सोमवारी वेळेवर जा. नवीन खडू पाठवतोय, आता रेघ मारायला नको, नुसता खिशात असू दे. टेबलावर गठ्ठे परत ठेवले आहेत, पण खुर्ची हलवलेली नाही. सुट्टीला येशील तेव्हा बसायला लागेल.

तुझा, आता दोन पावलं पुढे सरकलेला,
दादा